नाद की नशा? साताऱ्यातल्या एका प्रस्तरारोहकाचं प्रकरण

जानेवारी 2022. संध्याकाळी साडेसहाला माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर चौघं बसली होती. साठीच्या एक बाई, त्यांचे दोन मुलगे आणि थोरली सून. धाकट्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, काखेत कुबड्या. टाचेचं हाड मोडून पाच आठवडे झाले होते.

आत आल्या आल्या थोरला बोलला, "मॅडम, ह्याला नशा लागलीय. मी मोबाईलवर बघितलंय सगळं. अ‍ॅड्रेनलिनची नशा म्हणतात तिला, दारूसारखीच असती. सुटती का नाही, तेवढं सांगा."

आईंनी त्याला मध्येच अडवलं. "नशा काय म्हणतोस? नाद आहे त्याचा. ह्यांच्या वडिलांना भजनाचा होता, ह्याला डोंगराचा."

धाकटा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "सवय आहे."

एकाच माणसाबद्दल एकाच घरात तीन शब्द. पुढचं दीड-पावणेदोन वर्षं मी जे काम केलं, ते या तीन शब्दांतला कोणता खरा हे शोधण्याचंच होतं. पहिल्या दिवशीच्या टिपणात मी थोरल्याचाच शब्द उतरवून घेतला होता: 'अ‍ॅड्रेनलिनचं व्यसन असण्याची शक्यता.' तो शब्द चुकीचा होता, असं आज माझं मत आहे. डोंगरात अपघात झाला की हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी येतो आणि त्यापुढे कुणी काही विचारत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

मी साताऱ्यात मानसशास्त्र शिकवते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशन करते. मी कधी कडा चढलेली नाही. अजिंक्यताऱ्यावर सकाळी पायी जाणं, एवढाच माझा डोंगराशी संबंध. हे लिखाण धाकट्यानं आणि घरच्यांनी वाचून परवानगी दिल्यावरच पुढे गेलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कड्याचं नाव मात्र वेगळ्या कारणानं देत नाही: कुणी तो शोधत जाऊ नये.

घडलं ते असं

जुन्या साताऱ्यातल्या एका पेठेत यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडील 2017 च्या एप्रिलमध्ये गेले. तेव्हापासून चेकवर सही थोरल्याची, माल कुठल्या कंपनीचा ठेवायचा आणि उधारी कुणाला द्यायची हे ठरवणंही त्याचंच. धाकटा काउंटरला उभा राहायचा, पाइप मोजून द्यायचा, टेम्पो आला की उतरवून घ्यायचा. थोरला वाईट माणूस नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी सगळा बोजा त्याच्या अंगावर पडला आणि त्यानं तो उचलला. त्या बोज्यातला थोडा भाग दुसऱ्याला द्यायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी मामा आले होते. जेवताना त्यांनी धाकट्याच्या वाट्याचा विषय काढला. "ह्याचं लग्न होऊ दे, मग बघू," असं थोरला म्हणाला आणि बोलणं तिथंच मिटलं. धाकटा ताटावरून उठला, हात धुतले, मोटरसायकल काढली आणि वाईच्या बाजूला गेला. दोराची सॅक घरी पलंगाखालीच राहिली.

तो कडा साठेक फुटांचा. तीन वर्षांपूर्वी त्यानं तो एकदाच, तोही दोर लावून चढला होता. त्या दिवशी तो दोराशिवाय, एकटा, कुणालाही न सांगता चढला आणि वर पोचला. पडला तो उतरताना. जमिनीपासून बारा-पंधरा फुटांवर असताना हातातला दगडच निखळून आला. खाली घसाऱ्यावर तो दोन्ही पायांवर आदळला आणि सगळा भार उजव्या टाचेवर आला. उंचावरून पायांवर पडलं की टाचेचं हाड असं फुटतं, हे हाडांच्या डॉक्टरांना नेहमीचं आहे. मोबाईलला रेंज नव्हती. तासभर तो बसून बसून, ढुंगणावर सरकत खाली येत होता. शेवटी गुरं वळवणाऱ्या एका मुलानं त्याला पाहिलं. वाडीतल्या माणसांनी घोंगडीची झोळी केली आणि त्याला रस्त्यापर्यंत आणलं.

पहिल्याच भेटीत मी त्याला विचारलं, "वर चढताना कसं वाटत होतं?"

"काहीच नाही वाटत मॅडम. तेच तर बरं होतं."

हे वाक्य मी टिपून ठेवलं. त्याचा अर्थ मला दोन महिन्यांनी लागला.

व्यसन म्हणावं अशी लक्षणं

थोरल्याचा शब्द मी सहज उचलला असं नाही. समोर दिसत होतं ते तसंच होतं. प्लास्टरमधले ते आठवडे धाकट्यानं अक्षरशः तळमळत काढले. झोप दोन-तीन तासांची. जेवण पुढ्यात आलं की दोन घास खाऊन सरकवून द्यायचा. "कशात रामच वाटत नाही" हे त्याचं वाक्य वहिनींनीही मला वेगळं येऊन सांगितलं. एका रात्री तीन वाजता त्या पाणी प्यायला उठल्या, तर हा एका पायावर तोल सावरत दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीला बोटांनी लोंबकळत होता. पुढे मी घरी गेले तेव्हा ती चौकट मुद्दाम पाहिली. पिस्ता रंगाचा ऑइल पेंट आठ ठिकाणी उडून आतलं लाकूड दिसत होतं. चार बोटं डावीकडे, चार उजवीकडे. मधल्या तीन बोटांच्या जागा खोल, करंगळीची उथळ.

एखाद्या वागण्याला व्यसन म्हणायचं का, हे तपासायला मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी 2005 मध्ये मांडलेल्या सहा खुणा आम्ही लोक वापरतो. ती गोष्ट सारखी मनात घोळत राहणं, तिनं मूड पालटणं, मात्रा वाढवत न्यावी लागणं, ती न मिळाल्यास त्रास होणं, त्यापायी घराशी-कामाशी वितुष्ट येणं आणि सोडली तरी पुन्हा तिकडेच वळणं. धाकट्याला मी त्या लावून पाहिल्या. पाच जुळल्या. 'मात्रा' जुळेना. त्याच्या चढाया अवघड होत गेल्याच नव्हत्या. उलट 2018 नंतर तो पूर्वीचेच, ओळखीचे, सोपे टप्पे पुन्हा पुन्हा चढत होता, आणि बहुतेक एकटा.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण त्याच जानेवारी 2022 पासून लागू झालं. वागण्याची व्यसनं म्हणून त्यात जुगार आणि गेमिंग ही दोनच नावानं आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या यादीत तर व्यसनांच्या प्रकरणात पदार्थांपलीकडचा एकटा जुगारच आहे. चढाईचं नाव कुठेच नाही. यादीत नाव नाही म्हणजे दुखणं नाही, असं मी मानत नाही. पण निदान म्हणून कुणाला चिकटवता येईल असा हा शब्द नाही, हे घरच्यांना आधी सांगणं माझं काम होतं, आणि ते मी सांगितलं.

अ‍ॅड्रेनलिनबद्दल थोडं

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्या आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं. छाती धडधडते, साखर मोकळी होते, रक्त स्नायूंकडे धावतं. पण रक्तात आलेलं अ‍ॅड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, आणि रक्तातून मेंदूत ते जवळजवळ शिरतच नाही. हवंहवंसं वाटणं, पुन्हा तिकडे ओढलं जाणं, हे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या वाटांचं काम. म्हणजे 'अ‍ॅड्रेनलिनची चटक' हा शब्दप्रयोग शरीरशास्त्राच्या हिशेबानं सैलच आहे. भीतीच्या प्रसंगाची चटक लागू शकते का, हा प्रश्न मात्र खरा उरतो.

आता आरोहकाच्या बाजूनं बघा. कड्यावर अ‍ॅड्रेनलिन आलं की काय होतं, हे मला धाकट्यानंच समजावलं. पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागतो. पकड गरजेपेक्षा घट्ट होते, त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येतो, बोटं उघडायला लागतात. नजर आखूड होते, हाताशी असलेली खोबण दिसत नाही. "ज्या दिवशी ते येतं ना मॅडम, तो दिवस वाया गेला म्हणायचा. खाली उतरायचं." ज्या गोष्टीची चटक लागली असं सगळे म्हणत होते, ती आली की हा माणूस खाली उतरत होता.

त्याच्या मनगटावरचं घड्याळ नाडी दाखवायचं. थोरल्यानं त्या आकड्यांचे फोटो मला पाठवले: बघा, किती चढलेत. ते आकडे मी पुरावा म्हणून धरले नाहीत. मूठ आवळलेली असली की मनगटावरचं सेन्सर चुकतं. शिवाय चढाईत हाताचे स्नायू आवळून धरलेले असतात, म्हणून मेहनतीच्या मानानं नाडी जास्तच चढते. धावणाऱ्या माणसाच्या हिशेबानं ती वाचली तर प्रत्येक आरोहक घाबरलेलाच दिसेल.

अभ्यास काय सांगतात

मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांची उत्तेजनेची ओढ मोजणारी चाळीस प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध आहे. धाकट्याला मी ती दिली आणि मग बाजूला ठेवली. गिर्यारोहक व्हावंसं वाटतं का, अशा अर्थाचं विधान त्या मोजपट्टीतच आहे. आरोहकाला तिथं गुण मिळणारच, आणि मग त्या गुणांवरून आपण म्हणणार की आरोहकांना उत्तेजना लागते. हा गोल गोल फिरणारा युक्तिवाद मला पटत नाही.

2016 चा एक ब्रिटिश अभ्यास माझ्या जास्त उपयोगी पडला. हायरीन आणि सहकाऱ्यांनी आठ पुरुष प्रस्तरारोहकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. चार वरच्या दर्जाचे, चार मध्यम. चढाई बंद असतानाच्या काळाबद्दल विचारलं. ओढ, चिडचिड, कशातच गोडी न वाटणं हे दोन्ही गटांत होतं, पण वरच्या दर्जाच्या आरोहकांत जास्त तीव्र. वाचताना मला चौकटीवरची बोटं आठवत होती. म्हणजे चढाई थांबल्यावरचा त्रास ही काही धाकट्याची नाटकं नव्हती, हे थोरल्याला दाखवायला मला आधार मिळाला. आठच माणसं आहेत, हे मान्य. तरी प्रश्न बरोबर विचारलेला आहे: चढताना काय वाटतं यापेक्षा, न चढता काय होतं?

दुसरा अभ्यास 2013 चा. बार्लो, वुडमन आणि हार्डी यांनी धोक्याच्या वेगवेगळ्या छंदांमागच्या प्रेरणा तपासल्या. विमानातून उडी मारणाऱ्यांत उत्तेजनेची ओढ ठळक दिसली. गिर्यारोहकांत वेगळंच: भावनांना वाट करून देणं अवघड जाणारी आणि आपल्या आयुष्याची दोरी आपल्या हातात नाही असं वाटणारी माणसं तिथं जास्त, आणि डोंगरावर त्यांना ती हातात आल्यासारखी वाटते. महिनोन्महिने चालणाऱ्या हिमालयी मोहिमा आणि आपल्याकडचा साठ फुटी कातळ यांत फरक आहे, हे मी विसरले नाही. पण 'काहीच नाही वाटत, तेच बरं होतं' या वाक्याचा अर्थ मला तिथं लागायला लागला.

वह्यांमधले पावसाळे

धाकटा 2011 ला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला चढायला लागला. नीट शिकला. गावातल्या ग्रुपबरोबर दोन वर्षं, मग उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स, 'ए' ग्रेड. 2012 पासून त्याच्या वह्या आहेत. दुकानातल्या जुन्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या हिशेबवह्यांचीच उरलेली पानं. जमेच्या बाजूला चढाई, नावेच्या बाजूला त्या दिवसाचं बाकीचं. ही विभागणी त्यानं आपसूक केली होती. माझ्यासाठी ती सोन्याची खाण ठरली.

कारण आपल्याकडे पावसाळा असतो. परदेशातल्या अभ्यासकांना आरोहकांना चढाई थांबवायला सांगावं लागतं किंवा कुणी जखमी होण्याची वाट बघावी लागते. सह्याद्रीत जून उजाडला की कडे आपोआप बंद. महाबळेश्वरच्या पट्ट्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कातळावर शेवाळ धरतं, गवताखालची माती सुटते. दसऱ्याला दोर आणि कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं की मगच हा पुन्हा चढायला लागायचा. दर वर्षी चार महिन्यांची सक्तीची बंदी. दहा वर्षांत दहा वेळा.

आधीच मनात धरलेलं उत्तर वह्यांत शोधू नये म्हणून मी एक खबरदारी घेतली. पावसाळ्यातल्या पानांच्या प्रती काढल्या, तारखा आणि वर्षं झाकली, आणि एका सहकारी प्राध्यापिकेला दिल्या. प्रत्येक पानावर 'शांत' किंवा 'अस्वस्थ' एवढंच लिहायचं. तिला प्रकरण माहीत नव्हतं.

तारखा उघडल्यावर जे दिसलं ते असं. 2012 ते 2016 चे पावसाळे जवळपास सगळे शांत. जावळी तालुक्यात मामाच्या गावी भातलावणी, धबधब्याखालची रॅपलिंग (दोरावरून उतरणं), कॉलेज, मित्र. चढाई बंद, पण तळमळ नाही. 2017 पासून पानं अस्वस्थ. 2018 आणि 2019 सगळ्यांत वाईट. 'दुकान. दुकान. दादा बोलला. झोप नाही.' अशी तीन-तीन शब्दांची पानं.

आता कुणी म्हणेल, व्यसन मुरायला वर्षं लागतातच. पाच वर्षं मुरलं, सहाव्या वर्षी त्रास द्यायला लागलं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतला, आणि महिनाभर माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. उत्तर मिळालं 2020 च्या पानांत.

मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागली. ऐन हंगाम संपता संपता सगळं बंद. चढाई शून्य. चटक लागलेल्या माणसाचे ते दोन महिने भयंकर जायला हवे होते. माझ्या सहकारी बाईंनी एप्रिल-मेच्या पानांवर एकामागून एक 'शांत' लिहिलं होतं. दुकान बंद होतं, आणि पेठेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना किराणा आणि औषधं पोचवायचं काम मंडळानं धाकट्यावर सोपवलं होतं. कुणाला काय, किती, कधी, याची यादी तो करायचा, पोरं त्याच्या शब्दावर पळायची. एका पानावर नावेच्या बाजूला लिहिलंय: '41 घरं. इन्सुलिन 3. बर्फ विसरू नको.' दुकान उघडल्यावर, चारच आठवड्यांत, पानं पुन्हा अस्वस्थ.

चढाई दोन्ही वेळा बंदच होती. पालटलं होतं एवढंच की कामाचा निर्णय कुणाच्या हातात आहे.

मोटरसायकल आणि गाठी

2022 च्या मे महिन्यात, जरा लंगडत का होईना चालायला लागल्यावर, धाकट्यानं स्वतःवरच एक प्रयोग केला. मला आधी सांगितलं असतं तर मी होऊ दिला नसता. रात्री अकरानंतर दोनदा त्यानं यवतेश्वर घाटात गाडी अंगावर येईल इतक्या वेगानं मारली. थरार हवा असेल तर थरार तिथं भरपूर होता. "अंग थरथरलं मॅडम, पण डोकं तसंच राहिलं. घरी येऊन पुन्हा चौकटीला लटकलो." एका उत्तेजनेची जागा दुसरीनं भरून निघाली नाही.

त्याआधी एप्रिलमध्ये ग्रुपचं शाळकरी मुलांसाठी शिबिर झालं होतं. याला चढता येत नव्हतं, म्हणून अँकर, म्हणजे दोराचे आधार लावायचं आणि प्रत्येक मुलाच्या हार्नेसची, म्हणजे कमरेच्या पट्ट्याची गाठ तपासायचं काम दिलं. दिवसभर खाली खुर्ची टाकून बसून. मुलगा समोर आला की आधी बकल, मग आठाची गाठ, मग गाठीच्या शेपटाची लांबी, मग मुलाच्या तोंडाकडे बघून "जा". त्यानं 'जा' म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही. शिबिराच्या दोन्ही रात्री तो सात तास झोपला. हे वहिनींनी कॅलेंडरवर खूण करून ठेवलं होतं.

आठव्या भेटीत वडिलांचा विषय निघाला. मी काढला नव्हता. दवाखान्यातले शेवटचे नऊ दिवस. कुठला उपचार करायचा, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, पुण्याला न्यायचं की नाही, प्रत्येक कागदावर थोरल्यानं सही केली. "मी डबा घेऊन बाहेर उभा होतो. मला कुणी विचारलंच नाही. सांगितलं असतं मी की, नका नेऊ त्यांना पुण्याला." मग बराच वेळ तो आपल्या बोटांकडे बघत बसला. नंतर रडला. वडिलांसाठी पहिल्यांदाच, असं त्यानं सांगितलं.

कड्याखाली एक सकाळ

नोव्हेंबर 2022 मध्ये डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्याची पहिली चढाई मी खाली बसून पाहिली. लीड तो, म्हणजे पुढे दोर लावत चढणारा; बिलेला, म्हणजे खालून दोर सांभाळायला, त्याचा जुना मित्र. सकाळचे आठ, कातळ अजून गार. चढण्याआधी त्यानं पाच मिनिटं नुसता कडा पाहिला, वर आग्या मोहोळ आहे का ते दुर्बिणीतून शोधलं. मग चढायला लागला.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो त्याचा ठोकण्याचा आवाज. आपला बेसाल्ट थरांचा, एका लाव्ह्यावर दुसरा साचलेला. वरून घट्ट दिसणारा दगड आतून सुटलेला असू शकतो. प्रत्येक नव्या पकडीवर हात टाकण्याआधी तो बोटांच्या पेरांनी दगड वाजवायचा. ठक्क असा भरीव आवाज आला की पकडायचा. एका ठिकाणी डबडब असा पोकळ आवाज आला. तो थांबला, हात काढला, डावीकडे सरकला, वीतभर बारीक कंगोऱ्यावर वजन टाकलं. मला खाली घाम फुटला होता. त्याच्या चेहऱ्यावर एखादा सोनार नथीचा मोती बसवताना असतो तसा भाव होता.

रॅपल करून खाली आल्यावर मी विचारलं, डिसेंबरात दगड वाजवला होतास? "चढताना वाजवले. उतरताना नाही." का? "वर पोचलो की घर आठवलं."

अमेरिकन आरोहक अ‍ॅलेक्स हॉनल्डनं 3 जून 2017 ला अमेरिकेतल्या योसेमिटीमधला एल कॅपिटनचा सुमारे 900 मीटरचा कडा दोराशिवाय चार तासांच्या आत चढला. ती चित्रफीत साताऱ्यातल्या प्रत्येक चढणाऱ्या पोराच्या मोबाईलमध्ये असते. त्याच्या मेंदूची चाचणीही झाली आहे: इतरांना दचकवणारी चित्रं दाखवली तरी भीतीशी निगडित भाग फारसा पेटला नाही. पण पोरं एक गोष्ट बघत नाहीत. तो मार्ग त्यानं आधी दोर लावून कित्येकदा चढला होता, अवघड जागांची प्रत्येक हालचाल पाठ केली होती, आणि एकदा मन तयार नाही म्हणून मधूनच माघारीही आला होता. धाकट्याचा डिसेंबर तसा नव्हता. तीन वर्षांपूर्वी एकदा पाहिलेला कडा, ताटावरून उठलेलं मन. धोका दोराशिवाय चढण्यात होताच, पण माझ्या मते त्याहून मोठा धोका कोणत्या मनःस्थितीत चढलं यात होता.

काय केलं

चढाई बंद करायची नाही, हे मी पहिल्या महिन्यातच ठरवलं होतं. थोरल्याचा राग त्यावर बरेच दिवस होता. बंदी घातली ती फक्त एकटं चढण्यावर. वहीत तिसरा रकाना पाडला: चढायला निघण्याआधी 'आज घरी काय झालं?' याचं एका ओळीत उत्तर. उत्तर लिहिता येत नसेल किंवा लिहावंसं वाटत नसेल, तर त्या दिवशी दोर सॅकमध्येच राहील. हा नियम त्यानं स्वतः सुचवला, मी फक्त होकार दिला. मला वाटतं म्हणूनच तो टिकला.

खरी अवघड बैठक थोरल्याबरोबरची होती. तीन भेटी लागल्या. तिसऱ्या भेटीत त्याच्या तोंडून आलं की, वडील गेले तेव्हा तोही घाबरला होता, आणि धाकट्याला काही विचारलं तर आपल्याला काही येत नाही हे उघडं पडेल अशी भीती होती. 2022 च्या दिवाळीपासून प्लंबिंगचा सगळा माल धाकट्याकडे आला: खरेदी, उधारी, चेकवर सही. पहिल्याच तिमाहीत त्यानं एका ठेकेदाराला जास्तीची उधारी देऊन पैसे अडकवले. थोरल्यानं मला फोन करून विचारलं, आता काढून घेऊ का? मी म्हटलं, दादा, तुमचे पैसे पहिल्या वर्षी किती अडकले होते? तो बराच वेळ काही बोलला नाही. त्यानं काढून घेतलं नाही.

2023 चा पावसाळा पूर्ण शांत गेला नाही. जुलैत दोन आठवडे पुन्हा झोप उडाली. चौकटीवर हात गेले, हे त्यानंच सांगितलं. मग तो चार दिवस जावळीला मामाकडे लावणीला गेला आणि परतला. ओढ आहे. हायरीन यांच्या आठ आरोहकांत होती तशीच याच्यातही आहे. एका प्रकरणावरून सगळ्या आरोहकांबद्दल बोलायचा अधिकार मला नाही. एखाद्याला खरंच भीतीचीच चटक लागत असेलही. हा त्यातला नव्हता, एवढं मी वह्या समोर ठेवून सांगू शकते. आईंचा 'नाद' हा शब्दच सगळ्यांत जवळचा होता.

टाच थंडीत दुखते. थोरला हल्ली "कशाला जातोस?" ऐवजी "कुणाबरोबर जातोयस?" असं विचारतो. दसऱ्यानंतरच्या भेटीत धाकट्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी घरी सांगितलेली नव्हती आणि आता हे वाचून घरच्यांना कळली आहे. तोच कडा त्याला पुन्हा दोराशिवाय चढायचा आहे. आधी दोर लावून प्रत्येक पकड पाठ करून, उतरण्याची वाटही पाठ करून, मित्राला खाली उभं करून. दोर लावून आतापर्यंत तो अकरा वेळा चढून झालाय. माझं उत्तर 'नाही' आहे. दर भेटीत तो पुन्हा विचारतो, आणि दर भेटीत मी त्याला कारणासकट 'नाही' म्हणते. पुढची भेट गुरुवारी आहे. या वेळी थोरलाही येणार आहे.